ह्यांच्याशिवायचा पहिला हंगाम

१२ फेब्रुवारी २०२५

द्राक्षं भरली, आणि हे नाहीत! दिवाळीनंतर झोपेतच गेले. सईचा फोन — "आई, यंदा वायनरी बंद ठेव. द्राक्षं विकून टाक सरळ." ठेवणार नाही. रिकाम्या टाक्या बघवणार नाहीत मला. सेलर, म्हणजे टाक्यांचं तळघर, सांभाळायला योगेश आहे. चव तेवढी मला घ्यावी लागेल. इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी उभी राहून घेतलीच की!

१५ फेब्रुवारी

आज नुसती आठवत बसले. देवळालीला तोफखान्यात कर्नल होते हे. रिटायर होऊन लोक सोसायटीचे सेक्रेटरी होतात. ह्यांनी दिंडोरी रोडला जमीन घेतली आणि वाइनच्या द्राक्षांची बाग लावली.

आणि पहिली वाइन! अख्खी टाकी आंबली, व्हिनेगर झालं. चेहरा अगदी गंभीर ठेवून मला म्हणाले, "सुधा, शत्रूने आपल्याला कोशिंबिरीपर्यंत मागे रेटलंय." वर्षभर नातेवाइकांत व्हिनेगर वाटत होते.

माझे बाबा पंचवटीत गोदाकाठी यात्रेकरूंच्या पूजा सांगायचे. ते हवालदिल. "जावई कर्नल आहे म्हणून सांगायचो गं गंगेवर. आता काय सांगू?" हे शांतपणे म्हणाले, "द्राक्षाचा शेतकरी सांगा. खोटं नाही ते." बाबा तसंच सांगायला लागले. पुढे पुढे तर अभिमानाने!

२२ फेब्रुवारी

नीट जेवले. दुपारी झोपही लागली.

१ मार्च

ह्यांचा नियम — महाशिवरात्र झाली की शिराजची, आमच्या काळ्या द्राक्षांची, तोडणी. हुकूम म्हणजे हुकूम! आज बायका कात्र्या घेऊन उभ्या होत्या. मी आधी बागेत जाऊन मणी चाखले. साखर आलीय. पण बी चावली तर कोवळी, कडू. दरवर्षी अशीच लागायची. दरवर्षी मी म्हणायचे, थोडं थांबू या का? "ढगांचा भरवसा नाही, सुधा." विषय संपला.

"आज नको," मी म्हटलं.

योगेश चपापला. "मॅडम, साहेब तर..."

"माहितीये."

मग शेजारचा रविराज आला. त्याच्या बागेचीही द्राक्षं आम्हीच घेतो. "काकू, सटाण्याकडं ढग भरल्यात. एक सर आली तर घड फुटतील, समदं वाया जाईल! साहेब थांबले नसते."

"नसते थांबले. तू तुझे घड आजच तोडून दे, मी घेते. माझे राहू देत."

बोलून बसले खरी.

४ मार्च

ढग आपल्याकडेही आले. काळेकुट्ट. दिवसभर नुसता चहा. ह्यांचं ऐकायला हवं होतं का?

८ मार्च

थेंबही पडला नाही! सकाळी बी चावली — कुरकुरीत, भाजल्या बदामासारखी. तोडा म्हटलं! रविराज स्वतः क्रेट उचलायला आला. "लय डेरिंग केलं काकू!" बायका हसल्या, मीही हसले. किती महिन्यांनी अशी हसले!

१४ मार्च

टाकीत रस फसफसतोय. सालं वर येतात, ती दांड्याने खाली दाबायची. ह्यांचं आवडतं काम. "कवायत" म्हणायचे. योगेशने नको नको म्हटलं तरी मीच केलं. घाम आला, वासाने छाती भरून आली. ह्यांची आठवण आली. रडू नाही आलं. बरं वाटलं — अगदी घरात बसून गप्पा माराव्यात तसं.

२ एप्रिल

रविराजची बायको वैष्णवी गरम मांडे घेऊन आली. मी चार खाल्ले!

२५ मे

सई आलीय. टाकीतून दोघींना शिराज काढली. तिने घोट घेतला, थांबली, पुन्हा घेतला. "आई... बाबांची अशी एकदाही झाली नव्हती गं."

खरं आहे. मला ते मागच्याच आठवड्यात चाखताना कळलं होतं. भीतीने कुणाशी बोलले नव्हते — वाटलं, ह्यांच्यापेक्षा चांगली झाली याचं मलाच वाईट वाटेल. नाही वाटलं! फक्त धावत जाऊन सांगावं असं एकच माणूस आठवलं.