माझ्याच मापाचा शर्ट

माय, तुझी मशीन अजून चालते. पायडल कुरकुरते, पण मी तेल घालून दामटते. आता मी गोंदियाजवळ कामठ्यात राहते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत चूल. शेतकऱ्यांच्या बाया ब्लाऊज घेऊन येतात, लग्नसराईत जेवायलाही फुरसत मिळत नाही. इथं जंगल नाही. चहूकडे धानाच्या बांध्या, आणि बिरसीच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात. तू असतीस तर पहिल्याच दिवशी कुरकुरली असतीस, "काय वं, घरावर भुंगे फिरून राहिले." खरं तर मला सांगायचं दुसरंच आहे. केसच्या वकीलबाईला सगळं सांगितलं नाही, उरलेलं तुझ्याशिवाय सांगू तरी कोणाला?

ही मशीन तू तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर आणली होतीस, बैलगाडीत, गोधडीत गुंडाळून. मी हरखून पहिला ब्लाऊज शिवला. तू चुलीपुढं बसून तो उलटा केलास आणि माझ्या मांडीवर फेकलास. "आतून काऊन धागे लोंबून राहिले?" मी म्हटलं, "आतलं कोणाले दिसते, माय?" "मले दिसते ना! तेंदूच्या पुड्यात आतली पानं फाटकी निघाली त मुंशी पुडा फेकून देते का नाही? आतून बी बाहेरूनसारखंच पायजे." मला इतका राग आला होता! स्वतःला सुईत दोरा ओवता येत नाही आणि मला शिकवते. फुगून बसले, जेवले नाही. तू खुशाल माझ्या वाटणीची भाजीसुद्धा खाल्लीस.

मग ते खाणीसाठी डोंगर खणायचं प्रकरण निघालं आणि तू गावच्या बायांना घेऊन तहसीलवर जायला लागलीस. आमचं जंगल आम्हाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, एवढंच तुमचं म्हणणं. तिथल्या साहेबानं दरडावून विचारलं, "तुम्हारे पीछे कौन है?" तू वळून पाहिलंस आणि सांगितलंस, "मांगं बाया हायेत, साहेब. तुमाले दिसत नाही का?" सगळ्या हसल्या. साहेब हसला नाही. त्यानंतर तो शब्द गावात आला. आधी चहाच्या टपरीवर, मग पोलीसपाटलाच्या तोंडी, मग थेट आपल्या दारात. जंगल मागितलं की नक्षलवादी, सभा घेतली की नक्षलवादी. मी तुझे पाय धरले, "कायले जातेस वं? लोकं काय बोलून राहिले, आयकत नाही का?" तू कुंकू लावता लावता म्हणालीस, "तू भेतेस त घरी राय. मले नोको थांबवू."

मग ती पहाट. मोहफुलं वेचायचे दिवस आहेत. उजाडायच्या आधी बाया टोपल्या घेऊन निघाल्या आहेत, जी ती आपापल्या झाडाखाली. अस्वलालाही मोहफुलं आवडतात, म्हणून एकीनं कूऽऽ करायचं आणि दुसरीनं ओ द्यायची. म्हणजे अस्वल बिचकतं आणि कोण कुठं आहे तेही कळतं. तुझी कूऽऽ येते. पलीकडच्या झाडाखालून काकी ओ देते. तू पुन्हा कूऽऽ करतेस आणि त्याच्या मागोमाग गोळ्या सुटतात. ती हाक गस्तीवरच्या जवानांना इशारा वाटली, की त्यांना तूच पाहिजे होतीस, हे मला आजवर कळलेलं नाही. काकी टोपली टाकून पळत आली. तिच्यामागं आम्ही गेलो तर झाडाखाली तुझी भरलेली टोपली होती आणि तू नव्हतीस.

संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, चकमकीत नक्षलवादी महिला ठार. दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं, ओळख पटवायला. माय, तुझ्या अंगात हिरवा शर्ट होता. आणि पॅन्ट! ज्या बाईनं जन्मात लुगड्याशिवाय काही नेसलं नाही, तिच्या गोंदलेल्या पायांवर पॅन्ट. मी रडायला पाहिजे होतं, पण माझी नजर कपड्यावर खिळली. घडीच्या रेघा तशाच. बटणांची डावी पट्टी उजवीवर, म्हणजे गड्याचा शर्ट. तुझ्या छातीत भोक होतं आणि शर्टाला कुठंच नव्हतं. कॉलरखालची दुकानातली टाचणीसुद्धा कोणी काढली नव्हती. ती तुला टोचत असेल असं वाटून मी हात पुढं केला, तर शिपायानं माझं मनगट धरलं. मी विचारलं, "लुगडं कुठी हाये मायचं?" तो म्हणाला, "कोणतं लुगडं?" अजून कानात बसलंय ते. इतक्या सहज विचारलं त्यानं, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच, कोणतं लुगडं?

इतक्या वर्षांनी चौकशी पुन्हा उघडली आहे. काकी आता म्हणते, "मी त झाडाखाली नव्हतीच." तिच्यावर मी चिडत नाही, तिची पोरं आहेत. उरले मी. उद्या सोमवारी गोंदियाला माझी साक्ष आहे. तुझ्या नावापुढचा तो शब्द पुसायचा असेल तर शर्टाचं आणि लुगड्याचं कोणीतरी बोललं पाहिजे.

मागच्या आठवड्यात भर दुपारी दुकानात एक माणूस आला. साधे कपडे, पायात जाड बूट. त्यानं पिशवीतून एक नवाकोरा शर्ट काढून मशीनवर ठेवला. तोच हिरवा, माय. कॉलरखाली टाचणी. म्हणाला, "लेडीज़ के लिए छोटा करना है." मी विचारलं, "नाप?" त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं, घाईगडबड काही नाही, आणि म्हणाला, "अपना ही ले लो, दीदी." शनिवारी येतो म्हणाला. जाताना दाराशी पडलेलं धाग्याचं रीळ उचलून नीट जागेवर ठेवून गेला. मी शर्ट खिळ्याला टांगला. वारा नव्हता, तरी चहा ठेवायला वळले की बाही हलल्यासारखी वाटायची. शेवटी त्याचं तोंड भिंतीकडं केलं, तर मागून तो कोणीतरी उभं असल्यासारखा दिसायला लागला.

शिवून दिला मी. दिला नसता तर त्यानं दुसरीकडून शिवून घेतला असता, आणि मग आतून तो कसा आहे ते मला कळलं नसतं. आतली शिलाई बाहेरूनसारखीच केली, एक धागा लोंबत नाही. कॉलरच्या पट्टीच्या आत लाल धाग्यानं अक्षरं काढली, "हा कपडा माझा नाही." काल तो घेऊन गेला, उलटवून पाहिलंसुद्धा नाही.

उद्या मी लुगडंच नेसणार आहे, जांभळं, पिवळ्या काठाचं. निघायच्या आधी गल्लीतल्या घराघरात जाऊन दाखवणार, "पाहा वं बायांनो, आज मी हे नेसून चालली. ध्यानात ठेवजा." हसतील मला. हसू दे, ध्यानात तर राहील. मग कोणी विचारलंच, कोणतं लुगडं, तर सांगायला अख्खी गल्ली असेल.

हा कागद मशीनच्या खणात राहील, तुला कुठं पाठवणार? एकच गोष्ट वकीलबाईला सांगितली नाही. द्यायच्या आधी, काल पहाटे, मी तो शर्ट घालून पाहिला. बरोब्बर बसला. आरशापुढं उभी होते आणि बांध्यांकडून कूऽऽ आली. इथं जंगल नाही, मोह नाही, अस्वल नाही. तुझाच आवाज, माय. दोनदा आली. मी बटणं सोडत राहिले आणि तो कपडा अंगात असेपर्यंत मी तुला ओ दिली नाही.