पोचूचं शेत

आरमोरी,
ता. १२ जुलै १९८४

चि. भैयाजीस थोरली बहीण शकुबाईचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

तू बरा असशील. मी मात्र थकली रे. बाबा आता पेजबी गिळत नाई, पण सकाळ-संध्याकाळ एकच विचारते, भैयाजीले माझं शेत सापडलं का? मोठ्या साथीत बाबाची माय गेली, मामानं पाच वर्षांच्या पोराले इकडं आणलं. गावाचं नाव ध्यानात नाई. नागभीडच्या अंगाले बोडीच्या तळ्याखाली आपली धानाची बांधी होती, एवढंच सांगते. शेजारीपाजारी हसते, म्हातारा बरळते म्हणून. डोळे मिटायच्या आधी बाबाले खरं कळू दे रे. तू तिथंच मास्तर आहेस, रविवारी सायकल काढ. तुझं पोटबी जरा उतरन!

माया ठेवजो.
तुझी बाई,
शकू


नागभीड,
ता. ५ ऑगस्ट १९८४

ती. बाईस सप्रेम जयभीम.

सारे रविवार चिखलात गेले, पोट काही उतरलं नाई. बाबाच्या नावापुढं आजोबाचं नाव लागते, तेच घेऊन गावोगाव विचारलं, पोचूचं शेत कुठी? कोणीच ओळखे ना. आज वीट येऊन एका बांधावर बसलो. रोवणा चालू होता, बाया धानाचं रोप लावत होत्या. तिथं गिरजाबाई नावाच्या म्हातारीनं सारं ऐकून घेतलं अन् मलेच झापलं, बाप्यांचीच नावं काऊन विचारत फिरतेस, आजीचं नाव सांग! मले कुठी माहीत? बाबाबी तिले नुसतं माय म्हणते.

मग तिनंच सांगितलं. पोचू तर पोरगं रांगत होतं तेव्हाच गेला. त्याच्या बायकोनं एकटीनं माती वाहून बांध घातले. ती साथीत गेली, तिच्या भावानं पोराले नेलं. शेत दुसऱ्याचं झालं, पण गाव अजून त्याले बुधरीची बांधी म्हणते, अन् रोवण्याचं पहिलं रोप तिथंच लावते. बाई, मी तिच्याच बांधावर बसलो होतो. लय रडलो.

आमच्या शाळेतले गुणवंतराव तिकडं येऊन राह्यले, त्यांच्याजवळ त्या बांधीतले गेल्या सालचे तांदूळ देतो.

लोभ आहेच, तो राहू द्यावा.
तुझा,
भैयाजी


आरमोरी,
ता. १० ऑगस्ट १९८४

चि. भैयाजीस अ. आ.

पत्र बाबाले वाचून दाखवलं. बुधरी म्हटल्यावर माझ्या तोंडाकडं पाहतच राह्यले. सत्तरी उलटली, मायचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं त्यांनी. दिवसभर तेच नाव पुटपुटत होते. संध्याकाळी त्या तांदळाचा मऊ भात केला, तर ताटली सारून दिली. आधी मायले वाढ म्हणाले. मी बाजूले दुसरी ताटली वाढली, तेव्हा कुठं जेवले.

आता सायकल धुऊन ठेव अन् जरा निजून घे.

तुझी बाई,
शकू