घट्ट असेल ते काढू नये

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरीचा जमणार नाही. दोन्ही गुडघे सोलले आहेत आणि एक कोपर. उरलेल्या अंगांनी घातला असे समज.) तुझी कंबर कशी आहे? मी करून दिलेली कवळी भाऊजी तोंडात ठेवतात की डबीत, हे खरे खरे कळव. इकडे सर्व मजेत आहेत. सर्व म्हणजे मीसुद्धा. रविवारी सकाळी हे वाक्य लिहिता आले नसते, म्हणून मुद्दाम लिहितो.

आमची ठकी (नाव तूच ठेवलेस, आता ती दातांची डॉक्टर झाली, तरी सुटत नाही) माझ्याबरोबर दवाखान्यात बसेल, असे मी धरून चाललो होतो. तिच्यासाठी दुसरी खुर्ची घेतली, खिडकीशी, उजेडात. वरचे प्लास्टिकही काढले नाही. तिचा पहिला पेशंट येईल तेव्हा तिनेच काढावे. तर ठकी म्हणते, डोंगरात कडे चढायला शिकवणारी एक शाळा आहे, तिथे मी शिकवायला जाणार. तुम्ही हो म्हणालात तर हसत जाईन, नाही म्हणालात तर तशीच जाईन. तुझ्या भावजयीने दोन दिवस भांडी आपटली आणि मग मला हुकूम दिला, "एकदा डोळ्यांनी बघून या, आणि नाही म्हणून या." निकाल आधी, तपासणी नंतर. मी बरे म्हणालो. (हिने मला पडद्याच्या कड्या आणायला पाठवावे आणि मी छत्री घेऊन परतावे, हे तू पाहिले आहेस. पण 'नाही' एवढा एक शब्द टाकून यायचा होता. त्यात काय चुकणार?)

कडा चार मजली घराएवढा. "सोपाय बाबा, जिन्यासारखा," ठकी म्हणाली. ज्या जिन्याला पायऱ्या नसतात त्याला मी आजवर भिंत म्हणत आलो. खाली उभा राहून नाही म्हणावे आणि जेवणाच्या वेळेला घरी पोचावे, असा माझा बेत होता. मी घसा खाकरला. ठकीने माझ्या कमरेला पट्टा आवळला आणि म्हणाली, "नाही म्हणायला आलात ना? वर येऊन म्हणा."

आता तिथली रीत सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. पहिला चढणारा खडकाच्या भेगेत धातूच्या पाचरी बसवत जातो आणि प्रत्येक पाचरीच्या कडीतून दोर ओवतो. घसरला तर पाचर त्याला धरते. वर पोचला की तो दुसऱ्याला दोरावर घेतो, आणि दुसऱ्याने येताना त्या पाचरी काढून आणायच्या. खडकात आपले काही ठेवायचे नाही. ठकी पुढे गेली. तिचा दोर खालून शाळेच्या दाढीवाल्या गुरुजींनी धरला (मितभाषी माणूस, सकाळपासून मला "हं" एवढेच म्हणाले होते). मग मी निघालो, हातात पाचरी उचकटायची लोखंडी आकडी घेऊन. आकडी पाहून बरे वाटले. ती आमच्याच ट्रेमधून उचलल्यासारखी होती.

चढलो कसा, ते विचारू नकोस. गाल खडकाला लावून चढलो. भीतीने डोके बंद पडले की हात आपले नेहमीचे काम करतात. माझे हात काय करतात ते तुला माहीत आहे. प्रत्येक पाचर बोटाने हलवून पाहिली. हलली ती काढून पट्ट्याला अडकवली. घट्ट होती, तिच्यातला दोर सोडवून तिला तशीच ठेवली. वर पोचलो, पालथा पडलो, श्वास परत आल्यावर नाही म्हणणार होतो. ठकी माझा पट्टा चाचपत होती.

"बाबा, दोनच?"

"त्या हलत होत्या."

"आणि बाकीच्या?"

"त्या चांगल्या आहेत. घट्ट आहेत. त्या कशाला काढायच्या?"

तिने पट्ट्यातल्या दोन्ही पाचरी पुन्हा मोजल्या. मग खाली बसली आणि पोट धरून हसली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "चला. दोराने खाली सोडते. काढत काढत जा."

ताई, चढणे एक वेळ ठीक. पण दरीकडे पाठ करून, पाय खडकाला टेकून, मागे हवेत बसायचे. मी नुसता उभा. तेव्हा ठकी म्हणाली, "मागे रेला. अंग सैल सोडा. काही होत नाही." तीस वर्षे हीच तीन वाक्ये मी दिवसभर म्हणत आलो. ती ऐकणाऱ्याला किती पोकळ लागतात, ते मला रविवारी कळले. रेललो. काही झाले नाही.

पाचरी निघाल्या. एकच अडली, अक्कलदाढेसारखी, आत वाकडी. मी आकडी घातली, वरून पाहिले, बाजूने पाहिले, तिच्याशी बोललो, तिला थोडे दुखेल असेही सांगितले. "घाई नाही, बाबा. मी धरलंय," वरून ठकी म्हणाली. कितीतरी वेळाने ती सुटली आणि मला दिसले की माझे दोन्ही हात पाचरीवर आहेत. खडकाला मी धरलेच नव्हते. इतका वेळ माझे सगळे वजन पोरीने पेलले होते आणि मला तिची आठवणही नव्हती. डॉक्टरचा हात पेशंटला आठवला नाही की तो हात चांगला, हे मीच तिला शिकवले आहे.

जमिनीला पाय लागले तसा वर तोंड करून ओरडलो, "जा."

"कुठे?"

"शाळेत. शिकवायला."

 वरून दोर जरा हलला. गुरुजी जवळ आले, आ केला आणि म्हणाले, "ही मागची बघता का जरा?"

थोरांस नमस्कार. लहान आमच्यात आता कोणी उरले नाही.

तुझा धाकटा

ता. क. हिला अजून सांगितलेले नाही. "बघून आलो, गुडघे दुखतात," एवढेच म्हणालो. ही फक्त तुझे ऐकते. भाऊजींची कवळी सैल झाली असे निमित्त काढून आठ दिवस ये आणि तूच सांग. पत्र लिहिण्याचे कारण खरे तर एवढेच.

ता. क. २. पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात हिने पत्र वाचले. म्हणाली, "मला माहीत होतं. संसारात मी सांगितलेली एक वस्तू तुम्ही आणली नाहीत. म्हणून तर 'नाही' आणायला पाठवलं. 'हो' मला म्हणवत नव्हतं." आणि ठकीचे लोकरीचे कपडे काढायला गेली. तेव्हा निमित्ताची गरज नाही. तरी ये. दुसऱ्या खुर्चीचे प्लास्टिक आज मीच काढले आणि दुपारी मागे रेलून पाहिले. काही होत नाही.