फक्त अकरा

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे. पेपरवाले म्हणतात तेवढा भित्राही नाही.

दारूगोळा संपत आला म्हणून मी फौज नदीच्या अलीकडे आणली, त्यावर संसदेत नुसती बोंबाबोंब चालली आहे. काल तिथले तीन पुढारी चौकशीला आले. माझ्याच खुर्चीत बसून एकाने विचारलं, "माघार घेताना किती गेले?"

"अकरा."

"फक्त अकरा? म्हणजे तुम्ही लढलातच नाही!"

बाबा, डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "उरलेले नऊ हजार बाहेर जेवताहेत, त्यांना जाऊन विचारा." एकही जागचा हलला नाही.

आज हुकूम आला. सोमवारी माझ्या जागी दुसरा सेनापती येतोय आणि तो पुन्हा नदी ओलांडणार आहे. फोनवर त्याला परोपरीने समजावलं. तो म्हणाला, "साहेब, मला सगळं दिसतंय. पण मी नाही म्हटलं तर तिसरा येईल."

तुमचा गुडघा कसा आहे? आईला सांगा, सुट्टीवर येतोय. आणि माझ्या अब्रूसाठी तुम्ही नाक्यावर भांडणं थांबवा, रक्तदाब वाढतो. भांडायचंच असेल, तर त्या नऊ हजारांसाठी भांडा.

तुमचा,
थोरला