आत्या, आयन आणि चार शब्दांची यादी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि तुझ्या आवाजाची पट्टी जिथल्या तिथे असतील अशी आशा आहे. मी ठीक आहे. (हे आईलाही सांग, पण फार ठासून नको.)

पत्रास कारण असं काही नाही. मागे तू विचारलं होतंस, मी त्या प्रयोगशाळेत दिवसभर करतो तरी काय. उत्तराला तू थांबली नाहीस, म्हणून लिहून कळवतो. कार्बनच्या अणूचे सहाच्या सहा इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे. अशा नागवलेल्या अणूला आयन म्हणतात. तो भन्नाट वेगानं हेलियम वायूतून सोडायचा. तो फारसा कुणाला धडकत नाही, नुसता शेजारून जातो, आणि तेवढ्यानं हेलियमचे इलेक्ट्रॉन घर सोडून निघतात. आम्ही ते वेगवेगळ्या कोनांतून मोजतो. गंमत अशी, की मागच्या बाजूला कमी सापडतात आणि पुढे जास्त, कारण जाता जाता आयन त्यांना आपल्यामागे ओढून नेतो. त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो. (तू एका बॅगेनिशी आलीस, चाळीस मिनिटं बसलीस, चहा अर्धा ठेवलास, आणि आई चार दिवसांसाठी तुझ्याबरोबर गेली. त्याला सहा आठवडे झाले. मी आपलं उदाहरण दिलं.)

तर यंदा आम्हाला यंत्र चारच दिवस मिळालं. पद्धत अशी, की एकदा वायू आत सोडून मोजायचं, एकदा वायूशिवाय, आणि वजाबाकी करायची. उरेल ते खरं. दोन दिवस मोजलं, उरलं शून्य. हेलियमनं इलेक्ट्रॉन देणं बंद केलंय, असं मी सरांना गंभीरपणे कळवलं. सरांनीही गंभीरपणे तीन पानं गणित केलं. शेवटी पंप सांभाळणारे तंत्रज्ञ वाकून बघून म्हणाले, "अहो, वायूची झडप उघडायचीच राहिलीय." म्हणजे दोन दिवस आम्ही काहीच नाही ते दोनदा मोजत होतो! पहिल्या वर्षी मी एकदा ही झडप विसरलो होतो. तेव्हापासून आठ वर्षं, मी बूट घालत असताना आई दारात उभी राहून म्हणते, "किल्ली, चष्मा, डबा, झडप." (झडप कशाची, हे तिला आजतागायत माहीत नाही.)

उरलेल्या दोन दिवसांत आकडे छान आले. मग घरी बसल्या बसल्या तीच पद्धत लावून पाहिली: आई असतानाचं घर वजा आई नसतानाचं घर. उत्तर फारच मोठं आलं. मला करमत नाही, आत्या.

तुझा भाचा

ता. क. तिला पाठवून दे. तू सोडायला येऊ नकोस. शेजारच्या काकूंची बॅग भरलेलीच असते.

ता. क. २. तिला तिथे बरं वाटत असेल (परवा फोनवर खळखळून हसत होती) तर राहू दे. फक्त सकाळी साडेआठला फोन करून ते चार शब्द म्हणायला सांग. मी सांगितलंय हे मात्र कळू देऊ नकोस.

ता. क. ३. हे पत्र गेल्या सोमवारीच लिहून झालंय. रोज घरातून निघताना न्यायचं विसरतो.