उलट्या सायकलचं चाक

३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांची खुशाली कळली. त्यांना माझाही नमस्कार सांग. तू लिहिलंस की मेंदूत एक एन्झाइम दोन पेशींमधला सांधा आवळतं, दुसरं तो सैल करतं, आणि या दोघांच्या ओढाताणीत आठवण टिकते. अगं, हे तर माझंच काम! चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढताना मी एका बाजूचा आरा आवळतो, समोरचा सैल सोडतो. नुसतं आवळत सुटलं की रिम वाकडी. जे समजायला तुला सोळा वर्षं शाळा-कॉलेज लागलं, ते चौथी नापास मामाला सायकलच्या दुकानात बसून कळलं. तुझ्या साहेबांना म्हणावं, एक खुर्ची मोकळी ठेवा.

रविवारी तुझ्या भावाकडे, धाकट्याकडे, सगळे जेवायला होतो. त्याच्या सासरची नवी माणसं होती, म्हणून मी आपली नेहमीची गोष्ट काढली. सहा वर्षांची ठिणगी, लाल फ्रॉक, दुकानात दुरुस्तीसाठी उलटी उभी केलेली सायकल, बाईसाहेबांनी गरागरा पेडल फिरवलं आणि चार वर्षांच्या धाकट्याचा पाय चाकात! हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. धाकटाही हसला. मग टाच चोळत म्हणाला, ताईनं माझा एक पाय घेतला, आता आईबाबांसाठीची धावपळ तिनं करावी, नोकरी सोडून इकडे यावं. तुझ्या आईचे गुडघे गेले, भावोजींना धड दिसत नाही. हा लंगडत लंगडत दोन घरं किती दिवस ओढणार? मला विचारशील तर त्याचं चूक नाही. महिनाअखेर काय ते कळव म्हणाला.

रागावशील. रागाव, पण जेवून रागाव. या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
मामा

९ फेब्रुवारी

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. एवढं हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. पुढचं सवयीनं लिहिलेलं नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी राजीनामा लिहिला होता. फक्त सही राहिली होती. त्यानं ‘पाय’ म्हटलं की माझी मान खाली जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत त्याचं दप्तर मी वाहिलं. भांडणात चूक त्याची असली तरी माफी मी मागितली. सहल मी कधी पाहिली नाही, कारण त्याला चालवत नव्हतं.

नोकरी सोडताना फंडाच्या कागदांना जन्मदाखला लागेल, म्हणून आईनं मागे पाठवलेला जुन्या कागदांचा डबा उघडला. त्यात मावशीनं आईला लिहिलेलं कार्ड सापडलं. टपालाचा शिक्का त्या अपघाताच्याच वर्षाचा, त्याच आठवड्यातला. लिहिलंय: ‘ठिणगीच्या अंगावरचा गोवर उतरतोय, अजून आठ दिवस माझ्याकडेच राहू दे. धाकट्याच्या पायाचं ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तिला काही सांगितलेलं नाही.’

मामा, मी तिथे नव्हतेच! गाडीनं आठ तासांवर, मावशीच्या घरी, तापानं फणफणत पडले होते. आणि तो लाल फ्रॉक मावशीनंच शिवला, माझ्या सातव्या वाढदिवसाला. पुढच्या वर्षी!

सव्वीस वर्षं तुम्ही ताटावर बसून मला वाढत आलात, लोणचं वाढावं तशी. माझं नाव त्या गोष्टीत पहिल्यांदा कुणी घातलं? मला उत्तर हवंय. आशीर्वाद नकोत.

आपली भाची

१३ फेब्रुवारी

चि. भाचीस,

आशीर्वाद. ते तुला नको असले तरी माझे आहेत, मी देणार.

मला खोटारडा ठरवतेस? ज्यानं तुला सीट धरून सायकल शिकवली, पडलीस तेव्हा गुडघ्याची माती पुसली, त्याला? मी या दोन डोळ्यांनी पाहिलंय. पेडलवर तुझा हात होता. फ्रॉकवर चेनच्या तेलाचा डाग पडला म्हणून तू आधी रडलीस आणि धाकटा नंतर ओरडला. एवढं कुणी मनानं रचतं का? तुझ्या मावशीचं मला सांगू नकोस. ती स्वतःच्या लग्नाची तारीखही नवऱ्याला विचारते. कधीतरी चार दिवस तुझ्या तापाला ओल्या पट्ट्या काय ठेवल्या, तिनं साल-महिना सगळा एक केला असेल.

आईबापांचं करायचं नसेल तर सरळ नाही म्हण. त्यासाठी जुनं कार्ड पुढे करून म्हाताऱ्याच्या तोंडाला काळं कशाला फासतेस? शिकलीस म्हणून शहाणी झालीस असं होत नाही. दुकानात बसून आलेलं शहाणपण वेगळं.

रागात लिहितोय, म्हणून अक्षर वाईट आहे. वाचता येईल तेवढं वाच.

मामा

१७ फेब्रुवारी

ती. मामांस,

नमस्कार.

तुम्ही खोटारडे नाही. तेच तर भयंकर आहे. तो तेलाचा डाग मलाही दिसतो. फ्रॉकवर, बोटालाही चिकटलेला, काळा. कोर्टात शपथेवर सांगेन इतका स्वच्छ दिसतो. आणि मी तिथे नव्हते.

तुम्हाला माझं काम समजतं ना? मग अर्धं नको, पुरतं समजून घ्या. आठवण एकदा आवळली की कायमची बसली, असं नसतं. ती काढली की तो सांधा काही तास पुन्हा सैल पडतो आणि एन्झाइम तो नव्यानं आवळतं. मधल्या वेळात आत जे शिरलं असेल, त्यासकट. निदान आमच्या उंदरांत आम्हाला असं दिसतं. दर जेवणाला तुम्ही ती सैल केलीत आणि पाहुण्यांच्या हशासकट आवळलीत. एकदा फ्रॉक शिरला, एकदा डाग. तुमच्या डोक्यात आणि माझ्याही. त्यातलं एक एन्झाइम तर असं की एकदा चालू झालं की पहिला धक्का विरून गेला तरी स्वतःच स्वतःला काही काळ चालू ठेवतं. आपल्या घरातलं सव्वीस वर्षं चालू आहे.

राजीनामा टेबलावर आहे. अठ्ठावीस तारखेला मला प्रयोगशाळेत राहणार की सोडणार ते सांगायचंय. आईबाबांचं करायला मी नाही म्हणत नाही. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून करणार नाही.

भाची

२३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

आशीर्वाद देण्याचा हक्क राहिलाय की नाही माहीत नाही. जागा मोकळी सोडतो, तुला वाटलं तर भर.

तुझ्या पत्रानं असा भडकलो की तडक दुकानात गेलो. म्हटलं, हिला मापासकट चित्रच काढून पाठवतो, कोण कुठे उभं होतं ते. सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी. शेजारच्या शिंप्याची नात चार वर्षांची आहे, तिला आजोबांचं बोट धरून हातभर लांब उभी राहायला सांगितलं. पट्टी लावली. चाकाची खालची कड तिच्या गुडघ्याशी, वरची कड हनुवटीशी. पट्टी हातात तशीच राहिली. उलट्या सायकलच्या चाकात पोराचा हात जाईल, बोटं जातील. टाच कशी जाईल?

चाळीस वर्षं हे काम करतोय. आऱ्यांत टाच सापडलेली दहा-बारा पोरं पाहिली. सगळी कॅरिअरवर पाय लोंबकळत मागे बसवलेली. हे मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगतो आणि घरात सव्वीस वर्षं उलटी सायकल फिरवतो. कारागिराला एवढं दिसू नये? थुंकावंसं वाटलं स्वतःवर.

तसाच तुझ्या आईकडे गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. विचारलं तर मान वर न करता म्हणाली, तूच नेत होतास त्याला, कॅरिअरवर. दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होतास. पुढचंही तिच्याच तोंडून कळलं. भावोजी तेव्हा गरजले होते की ज्यानं हे केलं त्याला दारात उभं करणार नाही. त्यावर म्हणे मी म्हणालो, पोरं खेळत होती. काही महिन्यांनी एका जेवणाला, तू तेव्हा मावशीकडे होतीस हे बाकीच्यांच्या ध्यानातून गेल्यावर, कुणीतरी म्हणालं, ठिणगीच असणार. मी नाही म्हटलं नाही. तुझ्या आईला विचारलं, तू का गप्प बसलीस? म्हणाली, माझा भाऊ तुटला असता, मुलगी काय, लहान होती, विसरली असती. मी तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. तिनं घडी केलेला टॉवेल माझ्या तोंडावर फेकला. दोघांचंही बरोबर होतं.

काल सगळ्यांना धाकट्याकडे बोलावलं, सासरच्या माणसांसकट. गोष्ट सांगितली, यावेळी खरी. मावशीचं कार्ड काय म्हणतं तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. धाकट्यानं ताट सरकवलं, म्हणाला, मामा, चालते व्हा, आणि दार दाखवलं. त्याचा राग इतकी वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होता. काल बरोबर घरी पोचला. जिना उतरताना मागून तुझ्या नावानं त्याचा हुंदका ऐकू आला. तो तुला लिहील तेव्हा लिहील, घाई करू नकोस. तूही लगेच विरघळू नकोस.

आईबाबांची धावपळ आजपासून माझ्याकडे. दुकान दुपारी बंद ठेवतो. भावोजी माझ्याशी बोलत नाहीत, पण डोळ्यांत औषध घालायला मान मागे टाकतात आणि थेंब पडेपर्यंत शिव्या देतात. मी घालतो. राजीनामा फाड. हे पत्र जलद टपालानं पाठवतोय, अठ्ठावीसच्या आत पोचेल.

एक शेवटचं. त्या दिवसाचं मला खरं काहीच आठवत नाही. कॅरिअर नाही, पायरी नाही. डोळे मिटले की अजून तुझाच लाल फ्रॉक येतो, डागासकट. खोटा आहे हे कळूनही येतो. तुझं ते एन्झाइम माझं ऐकत नाही. म्हणून डोक्याच्या भरवशावर ठेवत नाही, कागदावर लिहून देतो: त्या दिवशी तू तिथे नव्हतीस. सायकल मी चालवत होतो.

खाली सही करतोय. लोभ मागत नाही.

मामा