भेटवस्तू नकोत, खुर्ची तर नकोच

३ नोव्हेंबर, रविवार
येत्या सतराला पंचावन्न पूर्ण. निर्णय झाला. यंदा वाढदिवसाला कुणाकडूनही भेटवस्तू घेणार नाही. त्याऐवजी प्रत्येकाने एक सत्कृत्य करावं, कुणाच्या तरी उपयोगी पडावं आणि मला कळवावं. पंचावन्नाव्या वर्षी माणसाने वस्तूंच्या पलीकडे जायला हवं. मी गेलो.

गेल्या वर्षी भिंतीवरची घड्याळं आली. चार. चारही वेगवेगळी वेळ दाखवतात.

एक निरीक्षण. धाकट्या भावाने नवं घर घेतलं तेव्हा सगळ्यांना बजावलं होतं, काही आणू नका. लोकांनी मिळून फ्रिज आणला. नको म्हटलं की माणसं इरेला पेटतात. हे फक्त निरीक्षण आहे. माझ्या निर्णयाशी त्याचा संबंध नाही.

४ नोव्हेंबर
कारखान्यातून येताना फर्निचरच्या दुकानात डोकावलो. ती खुर्ची अजून काचेमागेच आहे. चॉकलेटी रंग, उजवीकडे दांडा. दांडा ओढला की पाय आपोआप वर येतात आणि पाठ मागे जाते. नळाच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस आहे, रोज आठ तास टेबलापाशी उभा. नळ लाव, पाणी सोड, गळतो का बघ, शिक्का मार. पास किंवा नापास. संध्याकाळी टाचा माझ्या राहत नाहीत. घरी हातांची एकच खुर्ची, ती बायकोची. मला प्लास्टिकची.

वीस मिनिटं बसलो. विक्रेत्या बाईंनी विचारलं की घ्यायची आहे का, गेला महिनाभर रोज बसताय. मी म्हणालो, तपासतोय. दांड्यात दोष नाही. तसं त्यांना सांगितलंही.

५ नोव्हेंबर, रात्री ८
७.१० ला कुटुंबाच्या ग्रुपवर संदेश टाकला. तीन परिच्छेद. माझ्या मते उत्तम उतरलाय. आता सगळे म्हणतील, छे छे, असं कसं, पंचावन्नावा आहे, काहीतरी घ्यायलाच हवं.

७.३५. मुलीचा नुसता अंगठा.

७.५०. भावाचा संदेश: वा दादा, मोठी चिंता मिटवलीस.

कुणीही छे छे म्हणालेलं नाही. बायको म्हणाली, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तिला यातला उदात्तपणा कळला नाही.

७ नोव्हेंबर
नुसतं कळवा म्हटलं की लोक थापा मारणार. म्हणून नोंदपत्रक तयार केलं. रकाने: करणाऱ्याचं नाव, सत्कृत्य, लाभार्थ्याचं नाव, लाभार्थ्याची सही, तपासनीसाचा शेरा. शेऱ्यासाठी मोठी जागा ठेवली, कारण खरं काम तिथेच आहे. चाळीस प्रती काढल्या. घरात, कारखान्यात आणि इमारतीत वाटल्या.

दुकानातून त्या खुर्चीचं माहितीपत्रक आणलं होतं. सहज. ते फ्रिजवर चुंबकाने लावलं, कुणाला बघायचं तर बघावं म्हणून. संध्याकाळी पाहतो तो त्याच्या मागच्या बाजूला साबण, चहा, डासांची वडी अशी यादी. यादी घेऊन बायको वाण्याकडे गेली आणि माहितीपत्रक तिथेच टाकून आली.

९ नोव्हेंबर
पहिली पत्रकं आली.

भाऊ: एका आजींची पिशवी रस्त्यापलीकडे नेऊन दिली. सही नाही. म्हणतो, आजी घाईत होत्या. नापास.

सुपरवायझर: पॅकिंगच्या बाईंना मुलाच्या शाळेत जायचं होतं, अर्धा तास लवकर सोडलं. सही आहे. पण बाईंचं अर्ध्या तासाचं काम त्याने माझ्याकडे लावलं. मी उभ्याने दोनशे नळ खोक्यात भरले. नियमाप्रमाणे पास करावं लागलं.

बायको: पहारेकऱ्याला एक कोट दिला. सही आहे. कोट माझा. तपकिरी. मी म्हणालो, अगं, मला विचारायचंस तरी. ती म्हणाली, अहो, विचारून केलं तर ते तुमचं सत्कृत्य झालं असतं, माझं कसं? पहारेकऱ्याने खाली मला सलाम ठोकला. कोट त्याला माझ्यापेक्षा बरा दिसतो, याचा जास्त राग आला.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत व्हायला लागलीय. पण धीर धरायचा. सतरा अजून लांब आहे.

११ नोव्हेंबर
वरचे बँडमास्तर भेटले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते चौथ्यावर. निवृत्त, एकटे. रोज सकाळी सहाला क्लॅरिनेट. इमारतीतल्या सगळ्यांना हा माणूस आवडतो आणि का ते मला आजवर कळलेलं नाही. महिन्यापूर्वी पाठीत काहीतरी सरकलं त्यांच्या. डॉक्टरांनी टेकून बसायला सांगितलंय आणि घरात आहे एक लाकडी स्टूल. हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मग विचारलं की साहेब, तुमच्यासाठी मी काय सत्कृत्य करू?

मी म्हणालो, आठच्या आत वाजवू नका.

लगेच कबूल. पत्रकावर लिहूनसुद्धा घेतलं.

१२ नोव्हेंबर
सकाळी संपूर्ण शांतता. जाग आली ७.४० ला. बस गेली. कारखान्यात लेटमार्क, तीस वर्षांतला पहिला. सुपरवायझर म्हणाला, तुम्हीसुद्धा?

१३ नोव्हेंबर
आजही लेटमार्क. चार घड्याळं आहेत, एकालाही गजर नाही. बँडमास्तरांना जाऊन सांगितलं की वाजवा बाबा सहाला. त्यांनी विचारलं, मग माझं सत्कृत्य? मी पत्रकावर लिहिलं: दोनच दिवस टिकलं, नापास. त्यांचा चेहरा पडला. मला थोडं वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

रात्री ८.१५. महत्त्वाचं!! बायको बाल्कनीत फोनवर होती, मुलीशी. मी पाणी प्यायला उठलो होतो आणि पाणी पिताना माणूस कान काढून ठेवू शकत नाही. ती म्हणत होती की लिफ्टमध्ये मावणार नाही ती, जिन्याची मापं घे. रविवारी अकरापर्यंत आली पाहिजे. ह्यांना आधी काही कळू देऊ नकोस.

लिफ्टमध्ये न मावणारी. ती. रविवारी. म्हणजे सतराला.

माणसं चांगली असतात. मी उगाच चिडचिड करतो. भावाचं पिशवीचं पत्रक मागच्या तारखेने पास केलं.

१५ नोव्हेंबर
दुकानाची काच रिकामी!! विक्रेत्या बाई ओळखीचं हसल्या. म्हणाल्या, एक मुलगी येऊन घेऊन गेली, कुणाच्या तरी पाठीला आराम मिळेल म्हणत होती, फार प्रेमाने बोलत होती. पाठीला नाही, टाचांना, पण मुलांना इतके तपशील कुठून कळणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना सांगितलं, धूळ गेली.

घरी टेप घेऊन खिडकीजवळचा कोपरा मोजला. चपलांचं कपाट हलवलं, कुंडी हलवली. बायकोने विचारलं की हे काय चाललंय. म्हणालो, झाडलोट.

प्लास्टिकच्या खुर्चीची आता गरज नाही. ती पहारेकऱ्याला देऊन टाकली. बिचारा दिवसभर पायरीवर बसतो. त्याची सही घेतली. हे माझं स्वतःचं सत्कृत्य. पास. शेऱ्याच्या जागेत ‘उत्कृष्ट’ असंही लिहिलं.

१६ नोव्हेंबर
भाषण तयार. सुरुवात: अरे, हे कशाला? मी नको म्हटलं होतं ना? मग थोडा थांबणार. मग म्हणणार, तुमचं मन मोडवत नाही म्हणून बसतो.

आरशासमोर आश्चर्याचा चेहरा करून पाहिला. सहा वेळा. बायकोने आत येऊन विचारलं की दाढ दुखतेय का.

१७ नोव्हेंबर, रविवार. वाढदिवस
सकाळी १०.४०. इस्त्रीचा शर्ट. दार अर्धवट उघडं ठेवलंय. भाऊ आलाय, केक आलाय. मुलगी अजून नाही. कोपरा तयार.

१०.५५. जिन्यात पावलं. दोन माणसं धापा टाकतायत. मुलीचा आवाज: जपून, कोपरा लागेल. लिहिणं थांबवतो.

दुपारी ३. लिहायचं नव्हतं. पण घडलेलं त्याच दिवशी लिहून काढायचं, हा जानेवारीतला संकल्प आहे आणि यंदाचा तेवढा एकच टिकलाय.

खुर्ची आली. चॉकलेटी. मी दार सताड उघडलं, चेहरा केला, म्हणालो, अरे, हे कशाला? मुलगी म्हणाली, बाबा, एक मिनिट बाजूला व्हा, वळवायला जागा हवी. आणि खुर्ची माझ्या दारासमोर वळली आणि वर गेली.

मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, बँडमास्तरकाकांकडे! त्यांना टेकून बसायला काही नाही, आईने सांगितलं. मग माझा हात धरून म्हणाली की खरं सांगू का बाबा, आम्ही ही तुमच्यासाठीच बघून ठेवली होती. दोन महिन्यांपूर्वी. पण तुमचा तो संदेश वाचला आणि आमची आम्हालाच लाज वाटली. बाबा कुठे पोचलेत आणि आपण खुर्चीत अडकलोय. म्हणून सगळ्यांनी मिळून हे ठरवलं. आवडलं ना?

मी काय म्हणणार? आवडलं, म्हणालो. तयार चेहरा होताच, तोच वापरला.

तिसऱ्या मजल्यावर हमालांपैकी एकाचं मनगट लचकलं. भावाने माझ्याकडे पाहिलं. डावी मागची बाजू मी धरली. जड आहे. चांगल्या वस्तू जड असतात.

बँडमास्तर बसले. दांडा ओढला. पाय वर गेले. म्हातारा रडायलाच लागला. माझे दोन्ही हात धरून म्हणाला की साहेब, असा वाढदिवस कुणी केलेला मी आजवर पाहिला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने पत्रक पुढे केलं, सही घेऊन. मी शिक्का मारला. पास. तिरका उमटला.

खाली येऊन केक खाल्ला. उभ्याने, कारण माझी खुर्ची पहारेकऱ्याकडे आहे.

२० नोव्हेंबर
टाचा. पलंगाच्या कडेवर बसून जेवतो. बायको म्हणाली, माझ्या खुर्चीत बसा. बसलो. तिने उभ्याने भाजी चिरायला घेतली. उठलो.

वरून दांड्याचा आवाज येतो. मधे एक मजला असून. खट्ट. बायको म्हणते की काही ऐकू येत नाही. आज एकवीस वेळा.

शिवाय टेकून बसल्यामुळे त्यांचा दम वाढलाय. क्लॅरिनेट आता सहा ते सव्वासात.

मला ती खुर्ची हवी होती. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. हवी होती. नुसतं तोंड उघडून मागितली असती तर आज कोपऱ्यात असती.

२२ नोव्हेंबर
प्लास्टिकची खुर्ची परत मागायला खाली गेलो. स्पष्टच बोलायचं ठरवलं होतं. पहारेकरी माझा कोट घालून माझ्या खुर्चीत बसला होता. मला पाहून ताडकन उठला, रुमालाने खुर्ची पुसली आणि म्हणाला, बसा साहेब, तुमच्यामुळेच पाठ टेकतेय. मी म्हणालो, बरी आहे ना, एवढंच पाहायला आलो होतो. पायांची तपासणी केली. चारही नीट.

२४ नोव्हेंबर, रविवार
सकाळी दाराखालून एक पत्रक आलं. करणाऱ्याचं नाव: बँडमास्तर, चौथा मजला. सत्कृत्य: खालच्या साहेबांना रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा आपल्या खुर्चीत बसू देणे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: खुर्ची वर आणून ठेवल्यावर सगळे घाम पुसत होते, तुम्ही खुर्चीचा हात कुरवाळत होतात. मागचं सत्कृत्य नापास झालं. हे तरी पास करा.

मुळीच जाणार नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो. पत्रक फाडून टाकणार.

५.४५. फाडायचं तर नीट वाचून फाडावं. लाभार्थ्याचं नाव: माझं.

५.५८. नियमाप्रमाणे पत्रक तपासनीसाने जागेवर जाऊन तपासायला हवं. फक्त तेवढ्यासाठी वर जातोय.

७.००. गेलो. ते त्यांच्या स्टुलावर बसले, मला खुर्ची दिली. दांडा ओढला. टाचा वर गेल्या. साडेसहाला ते हळूच खोकले. त्यांच्याही पाठीला टेकायचं होतं.

निघताना त्यांनी पेन पुढे केलं. म्हणाले, साहेब, सहीशिवाय तुम्ही पास करत नाही.

सही करायला गेलो तर जागाच पुरेना. शेऱ्यासाठी अर्धं पान सोडलंय आणि लाभार्थ्याच्या सहीला बोटभर रकाना. आखताना तिथे कोण सही करणार याचा विचारच केला नव्हता. माझं अर्धं नाव रकान्याच्या बाहेर गेलं.